वस्तीचं नाव बदललं, त्यानिमित्ताने: फ्रँक ऑलिव्हर, त्याचा छापखाना आणि 'आपली माणसं'

उणे_तीस

मंडळी, एडमंटनला (कॅनडा, आल्बर्टा प्रांत) येऊन मला आठ वर्षं झाली. त्यातली सहा ज्या वस्तीत काढली तिचं नाव 'ऑलिव्हर' होतं. १ जानेवारी २०२५ पासून ते अधिकृतपणे 'वीह्क्वेन्तोविन' झालं. शब्द क्री (इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक समाज) भाषेतला आहे, अर्थ साधारण 'मित्रांचं वर्तुळ'. सासूबाईंना फोनवर तीनदा सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ऑलिव्हर बरं होतं की गं. काय केलं होतं त्याने एवढं?"

मला धड सांगता येईना. मग हिवाळाभर वाचत बसले. इथे हिवाळ्यात वाचायला वेळच वेळ असतो.

फ्रँक ऑलिव्हरचा जन्म १८५३ चा, ऑन्टारिओतल्या पील परगण्यातला. मूळ आडनाव बाउसफील्ड. घरच्यांशी बिनसलं, त्याने ते टाकलं आणि ऑलिव्हर लावलं. छपाईचं काम शिकला, विनिपेगच्या वर्तमानपत्रात नोकरी केली आणि १८७६ मध्ये बैलगाडीत माल भरून एडमंटनला आला. तेव्हा एडमंटन म्हणजे नदीकाठी हडसन्स बे कंपनीचा (फरचा व्यापार करणारी ब्रिटिश कंपनी) किल्ला आणि भोवती तुरळक घरं. रेल्वे नाही, जमिनीची मोजणी नाही. ओटावाच्या संसदेत या मुलखाचा एकही खासदार नव्हता, तो मिळायला १८८७ उजाडलं.

गावात एक गोष्ट मात्र पोचली होती, तारायंत्र. तारबाबू अॅलेक्स टेलर तारेवरून आलेल्या बातम्या कागदावर उतरवून गावात फिरवायचा. ऑलिव्हरने त्याच्याशी भागी केली, एक छोटं हातयंत्र मागवलं आणि ६ डिसेंबर १८८० ला 'एडमंटन बुलेटिन' काढला. आजच्या आल्बर्टातलं हे पहिलं वर्तमानपत्र. चार पानं, तीही चिमुकली. यंत्र विनिपेगहून गाडीवाटेने आलं, हजारएक मैलांवरून. त्या गाड्यांना लोखंडाचा तुकडा नसे, लाकडी आसाला वंगणही घालत नसत (धूळ चिकटते म्हणून), त्यामुळे त्यांचं कुरकुरणं म्हणे कोसावरून ऐकू यायचं.

पुढची कारकीर्द भराभरा सांगते. १८८३ मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या (आजचा आल्बर्टा तेव्हा त्यातच होता) कौन्सिलात निवडून आला, १८८५ ला हरला, १८८८ ला परत आला. १८९६ मध्ये ओटावाला खासदार झाला. १९०५ ते १९११ पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांच्या मंत्रिमंडळात गृहखातं त्याच्याकडे होतं. 'गृहखातं' म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे पोलीस येतात, तिथे ते नव्हे. पश्चिमेकडची सरकारी जमीन, बाहेरून येणारे वसाहतकरी, मूळ रहिवाशांचा कारभार आणि राष्ट्रीय उद्यानं, हे सगळं एका टेबलावर होतं. आणि या चारही गोष्टींत त्याने जे केलं त्यामुळेच आज पाटी उतरली.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन, नाहीतर तुम्ही म्हणाल प्रबंध टाकला.

शाईचे_डाग

ताई, मस्त विषय. माझ्या वडिलांचं ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) होतं, मिरजेला. लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणुकीत डबल पाळी. त्यामुळे एक सांगतो. यंत्र आणणं हे सोपं काम. खरा जीव खिळ्यांत असतो, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत. एक केस (खिळ्यांचा कप्प्याकप्प्यांचा ट्रे) हातातून सुटली की दोन दिवस जमिनीवर बसून 'क' आणि 'फ' वेगळे करायचे. हजार मैल खडखडत आलेल्या गाडीतून खिळे काढून केसेसमध्ये भरणारा माणूस चिकट असणारच. आणि इंग्रजीला दोन केसेसमध्ये भागतं. आमच्याकडे जोडाक्षरं, काने, मात्रे, वेलांट्या धरून खिळ्यांचं कपाटच लागायचं.

थंडीत शाई घट्ट होते, तीही बाब आहेच. मिरजेच्या डिसेंबरातसुद्धा वडील सकाळी शाईची तबकडी कोवळ्या उन्हात ठेवायचे. उणे तीसमध्ये रूळ कसा फिरवला असेल देव जाणे.

उणे_तीस

@शाईचे_डाग, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. धन्यवाद!

केतकी_वन

तारीख वाचून थांबले. ६ डिसेंबर १८८०. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. एकोणतीस दिवसांचं अंतर! पुण्यात टिळक, आगरकर, चिपळूणकर खिळे जुळवून घेत होते तेव्हा हा बाबा बर्फात अंक वाटत होता.

उणे_तीस

हो, मीही ते बोटं मोजून पाहिलं होतं :) आणि साम्य तारखेपुरतं नाही. दोघांचं भांडण दूरच्या सरकारशी. दोघांचा सूर 'तिकडे बसून आमचे निर्णय तुम्ही कसे घेता?' हा. दोघं अंकातून सभेत आणि सभेतून कायदेमंडळात गेले. टिळक १८९५ ला मुंबई कायदे कौन्सिलात होते.

ऑलिव्हरच्या गावाचे दोन प्रसंग सांगते, मजेशीर आहेत. १८८२ मध्ये मोजणी व्हायची होती, सातबारा वगैरे काही नव्हतं. ज्याने जागा धरली त्याची, असा तोंडी कारभार. अशात एका उपऱ्याने दुसऱ्याने धरलेल्या जागेत खोपटं उभं केलं. गावकरी जमले आणि ते खोपटं अख्खंच्या अख्खं नदीच्या कड्यावरून खाली ढकलून दिलं. ऑलिव्हर ढकलणाऱ्यांच्या बाजूचा.

दुसरा १८९२ चा. कॅलगरीहून आलेली रेल्वे एक वर्ष आधी नदीच्या दक्षिण काठावरच थांबली होती. पलीकडे नवं गाव उठलं, तेच पुढे स्ट्रॅथकोना झालं. ओटावाने ठरवलं की जमिनीचं सरकारी कार्यालयही तिकडे हलवायचं. दप्तर गाडीत भरलं गेलं तेवढ्यात गावाला कळलं. लोकांनी घोडे सोडले, गाडी अडवली, महापौर मॅक्कॉलीने बंदूकधारी गावरक्षक उभे केले. फोर्ट सॅस्कॅचेवानहून माउंटेड पोलीस आले, त्यांचे अधिकारी ग्रीसबाख. गोळी सुटली नाही. कार्यालय एडमंटनलाच राहिलं. 'बुलेटिन'चा आवाज अर्थातच गावाच्या बाजूने होता.

भटकभवानी

हे आमच्याकडच्या 'तालुक्याचं ठिकाण हलवू देणार नाही' सारखंच की. बंद, रास्ता रोको, टायर. फक्त टायरच्या जागी घोडे.

आडवाटेचा_बाळू

लेख चांगला आहे, पण आता मूळ मुद्द्यावर या. नाव का काढलं? सध्या जिकडेतिकडे पुतळे पाडणं आणि पाट्या बदलणं चाललंय. १८८० च्या माणसाला आजच्या फूटपट्टीने मोजायचं हे मला पटत नाही. त्या काळात सगळेच तसे होते.

उणे_तीस

बाळूदादा, वाचायला घेतलं तेव्हा माझंही मत साधारण हेच होतं. आता थोडं सविस्तर लिहिते.

नदीच्या दक्षिणेला पापासचेस नावाच्या प्रमुखाची क्री टोळी होती. १८७७ मध्ये त्यांनी 'तह क्रमांक ६' वर सही केली, म्हणजे ब्रिटिश राणीच्या सरकारशी रीतसर करार. त्याप्रमाणे १८८० मध्ये त्यांच्यासाठी राखीव जमीन आखायचं काम सुरू झालं. 'बुलेटिन' जेमतेम महिन्याचा झाला होता. आणि जानेवारी १८८१ पासून ऑलिव्हरचा सूर असा, की ही जमीन गावाच्या इतकी जवळ नको, या लोकांना लांब न्या. सभा झाल्या, अर्ज गेले. आधी जमीन हवी होती त्याहून कमी मिळाली. मग दुष्काळी वर्षांत शिधा तुटपुंजा. १८८५ मध्ये मेती (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक) आणि क्री यांनी सरकारविरुद्ध बंड केलं, त्यानंतर टोळीतल्या बऱ्याच जणांनी तहातून बाहेर पडून 'स्क्रिप' घेतलं (जमिनीसाठी किंवा पैशासाठी वटणारा सरकारी कागद, बहुतेकांनी तो दलालांना मातीमोल विकला). नोव्हेंबर १८८८ मध्ये तीन पुरुषांच्या सहीवर सगळी राखीव जमीन सरकारजमा झाली. तीन! आज त्या जमिनीवर दक्षिण एडमंटन उभं आहे. माझी कंपनीही तिकडेच आहे.

आता 'त्या काळात सगळेच तसे होते' याबद्दल. खोपटं कड्यावरून ढकलणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? कागद नसला तरी आधी धरलेल्याची जागा पवित्र. पापासचेसकडे तर राणीचा करार होता. जो न्याय ऑलिव्हर स्वतःच्या गावासाठी ओटावाकडे मागत होता, नेमका तोच पाच मैलांवर नाकारत होता. त्यासाठी आजची फूटपट्टी लागतच नाही. त्याचीच पुरते.

मंत्री झाल्यावर त्याने १९११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून घेतली. आठ हजारांहून जास्त वस्तीच्या गावाला लागून राखीव जमीन असेल तर तिथल्या मूळ रहिवाशांना, ते हो म्हणोत वा नाही, न्यायालयाच्या आदेशाने हलवता येईल. लोक आजही तिला 'ऑलिव्हर कायदा' म्हणतात.

केतकी_वन

नि:शब्द. पुढचं वाचायला बसले आहे.

रावीकाठ

मी लुधियान्यात वाढलेला मराठी, वडील सैन्यात होते. धागा वाचताना वाट बघत होतो की 'कोमागाता मारू' (हिंदी प्रवाशांचं, कॅनडाने परत पाठवलेलं जहाज) कधी येतं. ऑलिव्हर म्हणजे तोच ना?

उणे_तीस

तोच. पण एक दुरुस्ती आधीच करून ठेवते. जहाज आलं १९१४ मध्ये, तेव्हा त्याचा पक्ष सत्तेवर नव्हता. जहाज अडवणारा नियम मात्र त्याच्या खात्यातून निघालेला.

जानेवारी १९०८ चा हुकूम. त्यात 'हिंदी माणसांना बंदी' असा शब्द कुठेच नाही. लिहिलं काय, तर जन्मदेशातून किंवा ज्या देशाचे नागरिक आहात तिथून, मध्ये कुठेही न बदलता, एका तिकिटावर सलग प्रवास करून आलात तरच प्रवेश. हिंदुस्थानातून कॅनडाला तसं येणं जवळजवळ अशक्य, कारण बोटी हाँगकाँग नाहीतर जपानला बदलाव्या लागत. थेट तिकीट देऊ शकणारी कंपनी कॅनेडियन पॅसिफिक, तिला तशी तिकिटं विकू नका असं सांगण्यात आलं. कोर्टात हुकूम टिकला नाही, तर कायदाच बदलून तो पुन्हा आणला. त्याच वर्षी वर दोनशे डॉलर जवळ असण्याची अट. परिणाम? १९०७-०८ या वर्षात अडीच हजारांवर हिंदी लोक कॅनडात उतरले होते, पुढच्या वर्षी सहा.

सहा हजार नाही, सहा.

रावीकाठ

आणि १९१४ मध्ये हे जहाज भाड्याने घेणाऱ्या गुरदित सिंगांनी हाच नियम कसाला लावायचं ठरवलं. ३७६ प्रवासी, बहुतेक शीख, थोडे मुसलमान आणि हिंदू. २३ मेला व्हँकुव्हरच्या बंदरात, बरोबर दोन महिने नांगरून, २३ जुलैला परत. उतरू दिले ते फक्त चोवीस, आधी राहून गेलेले वगैरे. परत आल्यावर कलकत्त्याजवळ बजबजला गोळीबार, त्यात वीसेक माणसं गेली. माझ्या आजोळी हे घरातलं माणूस गेल्यासारखं सांगत. २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली तेव्हा आईने टीव्ही बंद केला नव्हता एवढं आठवतं. एरवी ती बातम्या पाहत नाही.

भटकभवानी

ताईंनी लिहिलंय की याचा जन्म पील परगण्यातला. म्हणजे आजचं ब्रॅम्प्टन, मिसिसागा! माझा चुलतभाऊ ब्रॅम्प्टनला असतो. त्याच्या गल्लीत म्हणे इंग्रजी पाटी शोधावी लागते. काळाने सूड उगवला तो असा.

उणे_तीस

हाहा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

१९०८ च्या शरदातला अजून एक किस्सा लोकांना फारसा माहीत नसतो. आलेल्या शिखांचं काय करायचं, तर त्यांना उचलून मध्य अमेरिकेतल्या ब्रिटिश होन्डुरासला (आजचं बेलीझ) पाठवावं अशी टूम निघाली. ऑलिव्हरच्या खात्यातला जे. बी. हार्किन हा अधिकारी दोन शीख प्रतिनिधींना घेऊन तिकडे पाहणीला गेला. प्रतिनिधी परत आले आणि व्हँकुव्हरच्या सभेत सांगितलं, नको. पगार कमी, हवा वाईट. संत तेजा सिंगांच्या पुढाकाराने सगळ्यांनी मिळून नकार दिला. योजना बारगळली. याच हार्किनला पुढे १९११ मध्ये ऑलिव्हरने नव्या राष्ट्रीय उद्यान शाखेचा प्रमुख केलं, आणि तिथे त्याने खरोखर चांगलं काम केलं. माणसं अशी सरळ रेषेत राहत नाहीत, वाचणाऱ्याची पंचाईत होते.

जॅस्पर उद्यान १९०७ चं, तेही ऑलिव्हरच्याच काळातलं. आम्ही दर उन्हाळ्यात जातो. तिथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मेती कुटुंबांना १९१० मध्ये उठवलं होतं, हे मला यंदा कळलं. पाच वर्षं फोटो काढून आणले, एकदाही कळलं नाही.

केतकी_वन

१९०८ म्हटल्यावर मला राहवत नाही. जानेवारीत ऑलिव्हरचा हुकूम, आणि २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. एकोणतीस दिवसांच्या अंतराने निघालेल्या दोन पत्रांचे दोन मालक. एक लेखांपायी तुरुंगात, दुसरा मंत्र्याच्या खुर्चीत, आणि त्या खुर्चीतून पहिल्याच्या देशबांधवांना दार बंद करतोय. कादंबरीत लिहिलं असतं तर 'अती जुळवलंय' म्हणाले असते.

आडवाटेचा_बाळू

केतकीताई, तुलना छान जमली, पण जरा सोयीची आहे. ऑलिव्हर मतदारांनी निवडलेला, स्वतःच्या देशात. टिळक परक्या सत्तेखाली. शिवाय 'केसरी'चं 'आम्ही' तरी सगळ्यांना धरून होतं का? संमतिवयाच्या वेळी काय भूमिका होती ते आठवा. आगरकर का बाहेर पडले? सत्यशोधकांचं मत विचारा.

केतकी_वन

मान्य. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते भांडायला :)

शाईचे_डाग

बाळूदादांनी सत्यशोधक काढलेच आहेत तर, सरहद्दीवरचा छापखाना म्हटल्यावर मला मुकुंदराव पाटील आठवतात. १९१० पासून त्यांचं 'दीनमित्र' हे पत्र, तेही पुण्या-मुंबईहून नाही, नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. वाचक शेतकरी, त्यात निरक्षर पुष्कळ, म्हणजे एकाने वाचायचं आणि पारावर दहांनी ऐकायचं. वडील सांगायचे, खेड्यात छापखाना चालवणं म्हणजे वीज नसताना गिरणी चालवणं. ऑलिव्हरशी तुलना करत नाही. मधलं अंतर मात्र लक्षात घ्या. दोघांकडे खिळे तेच, शिशाचेच. कोणाच्या बाजूने जुळवायचे ते जुळवणारा ठरवतो.

उणे_तीस

शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

मला वाटतं ऑलिव्हरच्या आयुष्याची किल्ली 'सेटलर' (वसाहतकरी) या शब्दात आहे. 'बुलेटिन'मध्ये हा शब्द सतत येतो, आणि त्याचा अर्थ ऑलिव्हर दर वेळी स्वतः ठरवतो. गाव लहान होतं तेव्हा त्यात कंपनीवाले नव्हते, क्री नव्हते. मग युक्रेनकडचे शेतकरी आले, 'गॅलिशियन' म्हणत त्यांना. आधीचे मंत्री क्लिफर्ड सिफ्टन म्हणत, मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला का असेना, कसणारा हवा. ऑलिव्हर त्यांच्याच पक्षाचा, पण संसदेत या धोरणावर तुटून पडायचा. सिफ्टननी १९०५ मध्ये राजीनामा दिला आणि खुर्ची याच्याकडे आली, तेव्हा १९०६ आणि १९१० च्या कायद्यांनी दार अरुंद होत गेलं.

१९११ च्या सुमारास तर अमेरिकेतल्या ओक्लाहोमाहून काळे शेतकरी आल्बर्टात येऊ लागले. एडमंटनच्या उत्तरेला त्यांनी वसवलेलं गाव पुढे अँबर व्हॅली म्हणून ओळखलं गेलं. शहरातल्या व्यापारी मंडळाने त्यांच्याविरुद्ध अर्ज फिरवला, तीन हजारांवर सह्या. ऑलिव्हरच्या शिफारशीवर ऑगस्ट १९११ मध्ये मंत्रिमंडळाने हुकूम काढला, काळ्यांना एक वर्ष प्रवेशबंदी. कारण काय दिलं? हवामान मानवणार नाही! हुकूम लागू झाला नाही, ऑक्टोबरात मागे घेतला. पण कागद आहे.

हवामान मला तरी कुठे मानवतंय?

भटकभवानी

मग शेवट काय झाला याचा? अशी माणसं सुखात मरतात बहुतेक.

उणे_तीस

१९१७ ची निवडणूक, सक्तीच्या सैन्यभरतीवरून देश दुभंगलेला. ऑलिव्हर लॉरिए यांच्या बाजूने, म्हणजे सक्तीच्या विरोधात उभा राहिला. समोर जनरल विल्यम ग्रीसबाख. हो, १८९२ मध्ये जमीन कार्यालयाच्या भांडणात पोलीस घेऊन आलेल्या अधिकाऱ्याचा मुलगा. गावातली मतं मोजली तेव्हा ऑलिव्हर पुढे होता, परदेशातल्या सैनिकांची मतं आली आणि तो पडला. पुढे रेल्वे आयोगावर काही वर्षं काढली, १९३३ मध्ये ओटावात वारला. ज्या ओटावाला जन्मभर शिव्या घातल्या तिथेच. 'बुलेटिन' त्याच्यामागे १९५१ पर्यंत चालला.

आणि प्रामाणिकपणे हेही लिहायला हवं. एडमंटन आज आल्बर्टाची राजधानी आहे ती बऱ्याच अंशी याच्यामुळे. १९०५ मध्ये प्रांत झाला तेव्हा मतदारसंघांच्या सीमा आखण्यात याचा हात होता, उत्तरेला जागा झुकत्या मापाने पडल्या. पुढच्या वर्षी राजधानीचं मतदान एडमंटन सोळा, कॅलगरी आठ. कॅलगरीवाले अजून विसरलेले नाहीत. स्वतः दारूला न शिवणारा माणूस, आणि जाहिरात करायचा 'बायबल वाचा आणि बुलेटिन वाचा'.

आडवाटेचा_बाळू

हे सगळं वाचून माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. नाव काढा, हरकत नाही. पण गोष्ट सांगणारी पाटी तरी हवी. नाहीतर वीस वर्षांनी त्या वस्तीतल्या पोराला ना ऑलिव्हर कळेल ना पापासचेस.

उणे_तीस

दादा, मी तर नाव असताना सहा वर्षं तिथे राहिले आणि मला दोघंही माहीत नव्हते. नाव काढल्यावर कळले.

रावीकाठ

ताई, आईला हा धागा वाचून दाखवला. तिने विचारलंय, त्या नव्या शब्दाचा उच्चार नीट कसा करायचा?

उणे_तीस

'वी' लांब म्हणा, पुढचा 'ह' नुसता श्वासासारखा, मग क्वेन-तो-विन. मी पहिले दोन महिने चुकीचाच करत होते. ग्रंथालयातल्या क्री बाईंनी हसत सुधारला.

सासूबाईंना काल परत सविस्तर सांगितलं सगळं. पापासचेस, जहाज, तीन सह्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं, मेतकूट आणि भाजणीचं पार्सल टाकायचंय. पत्त्यात काय लिहू?"

म्हटलं, वस्तीचं नाव नकोच. घर नंबर आणि पोस्टल कोड पुरे.